बरोसा खोऱ्यातील ल्युथरन मंडळ्या : पार्श्वभूमी

प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने नवी उपासनापद्धती लादली आणि ती नाकारणारी ल्युथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरची शिकवण मानणारी प्रोटेस्टंट, शेतकरी कुटुंबे दक्षिण ऑस्ट्रेलियाला निघाली, हे सर्वांना ठाऊक आहे. पहिली तुकडी प्रशियातल्या क्लेमझिग गावच्या पाळकाबरोबर (धर्मगुरूबरोबर) नोव्हेंबर 1838 मध्ये ॲडलेडजवळ उतरली. पुढच्या वर्षी हानडॉर्फ वसले, 1842 मध्ये बरोसा खोऱ्यात बेथनी. आपण या छळाच्या कथेवरच थांबतो. या मंडळ्यांना खरा आकार दिला तो 1846 च्या फुटीने.

त्या वर्षी बेथनीत धर्मसभा भरली. जगाच्या अंतापूर्वी ख्रिस्त पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील, अशी पहिल्या पाळकाची श्रद्धा होती. आधार बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायाचा. 1841 मध्ये दुसरी तुकडी घेऊन आलेल्या पाळकाला हे मान्य नव्हते. ल्युथरन श्रद्धेचा मूळ जाहीरनामा असलेल्या ऑग्सबर्गच्या विश्वासपत्राचे सतरावे कलम अशा राज्याची कल्पना नाकारते, आणि ज्या विश्वासपत्रासाठी घरदार सोडले त्यातल्याच वाक्यांना हरकत कशी घ्यायची, हा त्यांच्या बाजूचा सवाल होता. पहिल्या पाळकाचे म्हणणे असे की पवित्र शास्त्र कोणत्याही विश्वासपत्रापेक्षा वरचे. मंडळीचा कारभार कसा चालावा, हा वाद त्यात मिसळलेलाच होता. युक्तिवाद दुसऱ्या पाळकाच्या बाजूचा बळकट वाटतो. पण ज्याने या लोकांना समुद्रापार आणले, तोच आपल्या माणसांसह सभेतून उठून जवळच्या लांगमाइल वस्तीला गेला, याचे दुःख वाटल्याशिवाय राहत नाही.

ही फूट 120 वर्षे टिकली. एकाच भाषेची, एकाच स्तोत्रांवर वाढलेली माणसे शेजारी राहूनही प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, एकत्र बसत नव्हती. टानुंडासारख्या लहान गावात चार ल्युथरन चर्च उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात मात्र सरकारने दोन्ही बाजूंना एकाच मापाने मोजले. 1917 मध्ये प्रांतातल्या 49 ल्युथरन शाळा बंद झाल्या. 1918 च्या सुरुवातीला 69 जर्मन गावनावे बदलली गेली. ॲडलेडजवळच्या, मूळ गावाचेच नाव दिलेल्या क्लेमझिगचे गाझा झाले, हानडॉर्फचे ॲम्बलसाइड. ही दोन नावे 1935 मध्ये परत मिळाली. शाळा गेल्यावर जर्मन उपासना पुढच्या पिढीकडे पोचवणे अवघड झाले आणि इंग्रजीचा शिरकाव वाढला.

दोन्ही बाजू 1966 मध्ये एक झाल्या. त्याआधी सहमतीची कलमे लिहून काढावी लागली, आणि त्यांत अंतसमयाविषयीचे एक स्वतंत्र प्रकरण होते.