हिब्रू बाजारात कशी आली

थिओडोर हर्झलने १८९६ साली ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची कल्पना मांडणारी पुस्तिका काढली. राज्यकारभारापासून कामाच्या तासांपर्यंत सगळ्याचा विचार तिच्यात आहे, पण भाषेपाशी आल्यावर त्याने हात टेकले. हिब्रूत रेल्वेचं तिकीट मागता येईल असा आपल्यात आहे तरी कोण, असा त्याचा सवाल होता. स्वित्झर्लंडसारखं ज्याने त्याने आपापली भाषा बोलावी, असं त्याने सुचवलं. अंदाज व्यवहारी माणसाचा होता आणि तो साफ चुकला. आज सुमारे ९० लाख लोक हिब्रू बोलतात. भांडणं, बँकेचे अर्ज, क्रिकेटसारखंच वेड लावणारं इस्रायलमधलं फुटबॉल, सगळं त्याच भाषेत चालतं.

याचं श्रेय बहुधा बेन येहुदा या एका माणसाला देऊन गोष्ट संपवली जाते. मेलेली भाषा एकट्याने उठवली, वगैरे. ऐकायला झकास वाटतं, पण यातली निम्मीच गोष्ट खरी आहे.

मुळात हिब्रू मेली नव्हती, ती फक्त घरातून आणि गल्लीतून उठून गेली होती. बार कोखबाचं बंड (इ.स. १३२ ते १३५) रोमनांनी चिरडल्यानंतर जुदेयातली, म्हणजे जेरुसलेमभोवतालची ज्यू वस्ती उद्ध्वस्त झाली. अरामी भाषा आधीपासून पसरत होतीच. साधारण इ.स. २००च्या सुमारास हिब्रू आईकडून मुलाला मिळणं थांबलं. पण प्रार्थना, धर्मनिवाडे, करारपत्रं, दूरदेशीच्या रब्बींमधला (ज्यू धर्मगुरूंमधला) पत्रव्यवहार हे सगळं हिब्रूत चालूच राहिलं. मध्ययुगीन स्पेनमध्ये तिच्यात मद्यावर आणि प्रेमावर कविता लिहिल्या गेल्या. १८५३ साली पहिली हिब्रू कादंबरी आली, १८५६ पासून प्रशियातून हिब्रू साप्ताहिक निघू लागलं. जेरुसलेमच्या बाजारात पोलंडकडचा ज्यू आणि मोरोक्कोकडचा ज्यू समोरासमोर आले, की मोडक्यातोडक्या हिब्रूतच घासाघीस करत. दोघांना येणारी दुसरी भाषाच नव्हती.

एलिएझर बेन येहुदा १८८१ मध्ये तिथे पोहोचला तो या पार्श्वभूमीवर. मूळ नाव पर्लमन, जन्म १८५८चा, आजच्या बेलारूसमधल्या लुझ्की गावचा. घरात हिब्रूशिवाय एक शब्द बोलायचा नाही, असा त्याचा दंडक. १८८२ मध्ये मुलगा झाला, त्यालाही दुसरी भाषा कानावर पडू द्यायची नाही. पोर बोलायला बराच उशीर करू लागलं. एकदा आई देवोरा त्याला झोपवताना नकळत रशियन अंगाई गुणगुणत होती. बाप घरी आला, त्याने ते ऐकलं आणि घर डोक्यावर घेतलं. ही हकीकत त्या मुलानेच, म्हणजे पुढे पत्रकार झालेल्या इतामार बेन अवीने, सांगितलेली आहे. देवोरा १८९१ मध्ये क्षयाने गेली. भाषेच्या इतिहासात तिचं नाव ‘पहिली हिब्रू आई’ म्हणून येतं. त्या मानाची किंमत तिने काय मोजली, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

बेन येहुदाने वर्तमानपत्र काढलं, शब्द पाडले, कोश रचायला घेतला. टॉवेलला ‘मगेवेत’, आइस्क्रीमला ‘ग्लिदा’, हे त्याचेच शब्द आणि ते आजही रोजच्या वापरात आहेत. टोमॅटोला मात्र त्याला अरबीवरून घेतलेला ‘बादुरा’ हवा होता, कारण ‘अगवानिया’ या शब्दाच्या मुळाशी कामवासनेचा अर्थ आहे. लोकांनी खुशाल ‘अगवानिया’ उचलला. टेलिफोनसाठी केलेला ‘साह-राहोक’ही कुणी घेतला नाही, टेलिफोन तो टेलिफोनच राहिला. आपल्याकडे दूरध्वनी पाटीवर राहिला आणि तोंडात फोन बसला, तसंच काहीसं.

पण एका घराच्या हट्टाने भाषा पसरत नाही. ती पसरली शाळांमुळे. रिशोन लेझिऑन या नव्या वसाहतीत १८८६ मध्ये हिब्रू माध्यमाची शाळा निघाली, १८९८ मध्ये तिथेच बालवाडी. शिक्षकांकडे ना क्रमिक पुस्तकं ना गणित-भूगोलाचे शब्द. ज्या भाषेत शिकवायचं, ती शिक्षकालाही रात्री बसून तयार करावी लागे. मुलांना याचं काही वाटत नव्हतं. ती शाळेतली भाषा घरी नेत आणि आईबापांना सुधारत. पहिल्या महायुद्धाच्या काळात झालेल्या गणनेत पॅलेस्टाइनमधल्या सुमारे ४० टक्के ज्यूंनी हिब्रू ही आपली पहिली भाषा म्हणून सांगितली. मुलांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त होतं.

तोवर १९१३चा भाषेचा झगडा होऊन गेला होता. हैफामध्ये तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहत होती. पैसा लावणाऱ्या जर्मन ज्यू संस्थेचं म्हणणं, विज्ञान जर्मनमध्ये शिकवा, हिब्रूत संज्ञाच कुठे आहेत? मुद्दा खोटा नव्हता. तरी शिक्षक आणि विद्यार्थी शाळा सोडून बाहेर पडले, संप झाले आणि संचालकांना माघार घ्यावी लागली. महायुद्धामुळे रखडलेली ही संस्था, आजची तेखनिऑन, १९२४ मध्ये सुरू झाली ती हिब्रूत. त्याआधी १९२२च्या अखेरीस पॅलेस्टाइनवर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांनी इंग्रजी आणि अरबीबरोबर हिब्रूला अधिकृत भाषा मानलं. त्यानंतर महिनाभरातच बेन येहुदा वारला. त्याचा १७ खंडांचा कोश पुरा व्हायला १९५९ उजाडलं.

या यशाची दुसरी बाजूही आहे. १९२३ मध्ये तेल अवीवमध्ये तरुणांचं ‘भाषारक्षक दल’ निघालं. ‘हिब्रू माणसा, हिब्रू बोल’ ही त्यांची घोषणा. यिडिश (युरोपातल्या ज्यूंची जर्मनशी नातं असलेली भाषा) बोलणाऱ्यांना रस्त्यात टोकायचं, यिडिश सभा-नाटकं उधळायची, हे त्यांचं काम. पुढे हिटलरच्या छावण्यांत जे ज्यू मारले गेले त्यांतल्या बहुतेकांची भाषा यिडिशच होती. १९४८ मध्ये इस्रायल हे राष्ट्र झाल्यावर आडनावंही बदलली. पहिला पंतप्रधान डेव्हिड, ग्रीनचा बेन गुरियन आधीच झाला होता, पुढे पंतप्रधान झालेली गोल्डा, मेयरसनची मेइर झाली. १९४९ पासून ‘उल्पान’ नावाचे वर्ग निघाले. इराक, येमेन, रुमानिया, कुठूनही आलेल्या माणसाला काही महिन्यांत कामापुरती हिब्रू शिकवून नोकरीला लावायचं. उरलेलं लष्कराने शिकवलं.

आपले कोकणातले बेने इस्राएल ज्यूही या उल्पानांत बसले. त्यांच्या पूर्वजांकडे हिब्रू उरली होती ती ‘शेमा’ प्रार्थनेपुरती, घरची भाषा अस्सल मराठी. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाची हग्गादा (सणाच्या रात्री वाचायची पोथी) हिब्रू आणि मराठीत निघाली. मराठीतून हिब्रूकडे जाण्याची वाट अशी जुनी आहे. दिमोना, लोद, अश्दोदकडे स्थायिक झालेल्या मंडळींनी तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. नातवंडं मात्र हिब्रूतच वाढली.

नव्या माणसाला सगळ्यात जड जातं ते वाचन. उजवीकडून डावीकडे लिहायचं, याची सवय होते. पण रोजच्या मजकुरात स्वरचिन्हं नसतात. समेख, पे, रेश ही तीन अक्षरं दिसली, तर ती ‘सेफेर’ म्हणजे पुस्तक असू शकतात, ‘सपार’ म्हणजे न्हावी, किंवा ‘सफार’ म्हणजे त्याने मोजले. पाटी दुकानाची आहे की वाचनालयाची, यावरून ओळखायचं. टिंबाटिंबांची स्वरचिन्हं लावतात ती बालपुस्तकांत, कवितेत, प्रार्थनेत आणि नवशिक्यांसाठी.

हिब्रूला आजही घराबाहेर ठेवणारे लोक आहेत. जेरुसलेमच्या मेआ शेआरीमसारख्या वस्तीत अनेक कट्टर धार्मिक घरं यिडिशच बोलतात. धर्मग्रंथाची भाषा भाजीबाजारात कशाला, हा त्यांचा आक्षेप बेन येहुदाच्या वेळचाच आहे. त्या वेळी त्याला त्यांनी बहिष्कृतही केलं होतं.

अरबीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. १९२२ पासून अधिकृत असलेल्या अरबीला २०१८च्या कायद्याने ‘विशेष दर्जा’वर आणलं, राष्ट्राची भाषा फक्त हिब्रू उरली. देशातला साधारण पाचवा हिस्सा अरब आहे. त्यांची मुलं शाळेत हिब्रू शिकतातच, ज्यू मुलांपैकी अरबी नीट बोलू शकणारी फार थोडी निघतात. आणि तेल अवीवच्या रस्त्यावर हीच ज्यू मुलं निघायचं झालं की ‘यल्ला’ म्हणतात, आवडलं की ‘सबाबा’ आणि ‘अहला’. तिन्ही शब्द अरबी आहेत.