हळव्या मनाला मानवणारी माती

गेल्या वैशाखात घरचं लग्न होतं. कार्यालयात बँड, त्यावर वरताण स्पीकरची गाणी, पंगतीतली भांड्यांची आदळआपट आणि व्हिडिओवाल्याचे थेट डोळ्यांत घुसणारे दिवे. माझी नऊ वर्षांची भाची कुठे दिसेना म्हणून शोधायला निघाले, तर ती चपला ठेवायच्या जिन्याखाली कानांत बोटं घालून बसलेली. "सगळी मुलं नाचताहेत आणि ही बघा!" येणारे-जाणारे बोलून जात होते. रात्री घरी आल्यावर तीच पोरगी माझ्या कुशीत शिरून हळूच म्हणाली, "मावशी, आजीनं जिलबी घेतलीच नाही. पोळीपण वरणात भिजवून एकाच बाजूनं चावत होती." आजीची दाढ दोन दिवस ठणकत होती. लग्नघरात कशाला उगाच म्हणून तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. एवढ्या गोतावळ्यात ते फक्त या मुलीला दिसलं.

अशा माणसाला आपण हळवं म्हणतो, मनाला लावून घेणारं म्हणतो आणि राग आला की रडूबाई म्हणतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलेन अ‍ॅरन आणि त्यांचे पती आर्थर अ‍ॅरन यांनी 1997 साली या स्वभावावर शोधनिबंध लिहिला आणि तो मोजण्यासाठी 27 प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. मोठ्या आवाजाचा, प्रखर उजेडाचा, खरखरीत कापडाचा त्रास होतो का, थोड्या वेळात खूप कामं अंगावर आली की गांगरायला होतं का, असे त्यात प्रश्न आहेत. त्यांच्याच शेजारी, समोरच्याच्या मनःस्थितीचा तुमच्यावर परिणाम होतो का, संगीत तुम्हाला आतून हलवतं का, हेही विचारलेलं आहे. जिन्याखाली लपणं आणि आजीची दाढ ओळखणं ही एकाच गुणाची दोन रूपं आहेत, हे मला त्या प्रश्नावलीतून पहिल्यांदा नीट कळलं.

या माणसांचे कान किंवा डोळे इतरांहून तीक्ष्ण असतात असं नाही. आत आलेली गोष्ट त्यांचा मेंदू जास्त खोलवर घोळवतो, अशी या मागची कल्पना आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना जोडीदाराचे आणि अनोळखी माणसांचे हसरे, दुःखी चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. प्रश्नावलीत ज्यांचे गुण जास्त होते, त्यांच्या मेंदूत लक्ष देण्याशी आणि सहानुभूतीशी निगडित भाग अधिक सक्रिय दिसले. प्रयोगात माणसं मात्र 18च होती, तेव्हा त्यावर फार मोठा इमला रचू नये. आनुवंशिकतेचा पुरावा जास्त भक्कम आहे. ब्रिटनमधल्या किशोरवयीन जुळ्यांच्या 2020 सालच्या अभ्यासात असं दिसलं, की माणसामाणसांतल्या संवेदनशीलतेच्या फरकांपैकी सुमारे 47 टक्के फरक जनुकांमुळे पडतात. म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक भाग परिस्थितीच्या वाट्याला येतो.

आणि परिस्थितीची गोष्टच मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

स्वीडिश भाषेत कुठल्याही हालात तगून राहणाऱ्या मुलाला 'डँडेलियन मूल' म्हणतात. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या फटीत, मुरमाड जमिनीत, पाणी मिळो न मिळो, फुलणारी एकदांडी असते, तसं. थॉमस बॉइस आणि ब्रूस एलिस या दोन अमेरिकी संशोधकांनी 2005 साली त्याला जोड दिली 'ऑर्किड' मुलाची. ऑर्किड म्हणजे आपली आमरी. सह्याद्रीत झाडाच्या खोडावर सीतेची वेणी फुललेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच पटेल. तिला हवा, ओलावा, सावली मनासारखी मिळाली तर असा घोस लोंबतो की बघत राहावं, आणि तीच कोरड्या उन्हात आणून टांगली की सुकून जाते. पुढे 2018 मध्ये लंडनमधले मायकेल प्लुएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्यांच्या प्रश्नावल्या तपासल्या, तेव्हा सुमारे 31 टक्के लोक खूप संवेदनशील, 40 टक्के मधले आणि 29 टक्के कमी संवेदनशील निघाले. मधल्यांना त्यांनी ट्युलिप म्हटलं.

अमेरिकेतच स्टीव्हन सुओमी यांनी ऱ्हीसस माकडांवर केलेलं काम तर विसरता येत नाही. जन्मतःच बुजरी, जराशानं दचकणारी पिल्लं त्यांनी विशेष मायाळू माद्यांकडे वाढवायला दिली. ही पिल्लं पुढे भित्री राहिली नाहीत. त्यांनी आईचं बोट लवकर सोडलं, आजूबाजूचा परिसर धुंडाळला आणि कळपात वरचं स्थान मिळवलं.

माणसांतही तेच दिसतं. इंग्लंडमधल्या एका गरीब भागातल्या शाळेत 11 वर्षांच्या मुलींना नैराश्य टाळण्यासाठी विचार आणि भावना हाताळायचे धडे दिले गेले. वर्षभरानंतर पाहिलं तर सर्वाधिक संवेदनशील मुलींमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली होती, आणि सर्वांत कमी संवेदनशील मुलींवर त्या धड्यांचा परिणाम दिसला नव्हता. हा निबंध 2015 चा. ज्या मुलीला आपण "मन जरा घट्ट कर" म्हणतो, तिलाच चांगल्या शब्दाचा सर्वांत जास्त उपयोग होतो. मदत कुणाला आधी करायची याचा विचार करणाऱ्या प्रत्येक शिक्षकापर्यंत हे पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मग मोठ्यांचं काय? आम्ही आठ जणी-जणं महिन्यातून एकदा एका मैत्रिणीच्या गच्चीत जमतो. ट्यूबलाइट बंद असते, कठड्यावर एक पिवळा दिवा. बोलणाऱ्याचं वाक्य संपलं की पुढचा माणूस लगेच तोंड उघडत नाही, चार श्वास जाऊ देतो. सुरुवातीला ही शांतता अवघड जायची, आता तीच सगळ्यांना हवीशी वाटते. नुसतं ऐकायला आलं तरी चालतं, मध्येच उठून घरी गेलं तरी कुणी कारण विचारत नाही. "एवढं काय वाटून घ्यायचं त्यात" हे वाक्य आमच्यात वर्ज्य आहे.

एक चूक मात्र आम्ही केली. पहिले काही महिने जो तो आपलं दुखणं उगाळत बसायचा. ऑफिसात साहेब काय बोलले, ते पुन्हा, आणि पुन्हा. आम्ही जवळ आलो खरे, पण घरी जाताना डोकं जड असायचं. नंतर अमेरिकी संशोधक अमांडा रोझ यांचं काम वाचनात आलं. मैत्रिणी एकमेकींशी त्याच त्या अडचणींबद्दल बोलत राहिल्या की मैत्री घट्ट होते, आणि मुलींमध्ये नैराश्याची व चिंतेची लक्षणंही वाढतात, असं त्यांना 2007 च्या अभ्यासात आढळलं होतं. आमचंच वर्णन वाचतेय असं वाटलं. आता भावनेला नाव द्यायचं, म्हणजे "मला अपमान वाटला", "मला भीती वाटली", आणि मग उद्या काय करणार ते एका वाक्यात सांगायचं. नाव देण्यालाही आधार आहे: 2007 मध्येच मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाला असं दिसलं, की चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीशी संबंधित भागाची चळवळ कमी होते.

हा स्वभाव आहे, आजार नव्हे. पण हळवा स्वभाव आणि चिंता यांची सरमिसळ होऊ शकते. झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर गच्चीतली मैफल पुरत नाही. तिथे डॉक्टर हवेत, किंवा निदान सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक.

परवा भाचीच्या मावसभावाची मुंज झाली. तिच्या आईनं या वेळी आधीच वरच्या मजल्यावरच्या खोलीची किल्ली मागून घेतली होती. पोरगी बँड वाजायला लागला की वर जायची, चित्रं काढायची, मन भरलं की खाली यायची. भिक्षावळीच्या वेळी तर ती स्वतःहून अगदी पुढे येऊन उभी राहिली. घरी येताना गाडीत मला म्हणाली, "मावशी, त्याला नवीन जानवं टोचत होतं. सारखा खांदा हलवत होता."