सस्तन प्राण्यांतील बर्ड फ्लूचा प्रसार : अभ्यासपद्धती

पक्ष्यांतला इन्फ्ल्यूएंझा ए विषाणू सस्तन प्राण्यात शिरल्यावर तिथेच थांबतो, की एका सस्तन प्राण्याकडून दुसऱ्याकडे जातो, हे ठरवण्याची पद्धत. कळपातले अनेक प्राणी एकदम मेले एवढ्यावरून हे सिद्ध होत नाही. सर्वांनी तेच बाधित पक्षी खाल्लेले असू शकतात.

थायलंडमधील श्रीराचा येथे ऑक्टोबर २००४ मध्ये कोंबडीचे कच्चे मांस खाणारे वाघ एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने दगावले. कच्चे मांस बंद केल्यावरही वाघ आजारी पडत राहिले. तेव्हा वाघाकडून वाघाला लागण झाली असावी, असे अनुमान निघाले. स्पेनमधील गॅलिसियातील मिंकपालन केंद्रात (मिंक म्हणजे फरसाठी पाळला जाणारा छोटा मांसाहारी प्राणी; ऑक्टोबर २०२२) आधी दोन-चार पिंजरे रिकामे झाले आणि मग शेजारचे. इथे पिंजरानिहाय मृत्यूनोंदी निर्णायक ठरल्या. अर्जेंटिनातील व्हाल्देस द्वीपकल्पावर (२०२३) एलिफंट सील या सागरी सस्तन प्राण्याची सुमारे १७,००० पिल्ले मेली. अशाच साथीत मेलेल्या सी लायन या दुसऱ्या सागरी सस्तन प्राण्याबाबत ‘पक्षी खाल्ले असतील’ हा आक्षेप उरतो. आईच्या दुधावरच्या पिल्लांना मात्र तो लागू पडत नाही, म्हणून या प्रकरणातला पुरावा अधिक वजनदार वाटतो.

नमुना चुकला की निष्कर्षही चुकतो. कोल्ह्यात विषाणू अनेकदा मेंदूत मुबलक असतो, तर दुभत्या गायींत कासेत. अमेरिकेत २५ मार्च २०२४ रोजी गायींतील लागण जाहीर झाली. नुसता नाकातला बोळा (स्राव टिपलेला कापूस, स्वॅब) तपासला असता तर बऱ्याच गायी निरोगी ठरल्या असत्या. दुधात विषाणू भरपूर असतो, त्यामुळे दूध काढण्याच्या यंत्राचे जे कप गायीच्या सडांवर बसतात त्यांच्यावर मुख्य संशय आहे. बोळा वाहक द्रवात, ४° से. तापमानात ठेवतात; तपासणी लांबणार असेल तर –७०° से.खाली. आधी एम जनुकाची (सर्व इन्फ्ल्यूएंझा ए विषाणूंत आढळणाऱ्या) पीसीआर, म्हणजे जनुकाच्या असंख्य प्रती काढून ते ओळखण्याची चाचणी, मग एच५ या उपप्रकाराची, आणि शेवटी विषाणूच्या आठही जनुकखंडांचे क्रमवाचन, म्हणजे त्यांतील अक्षरांचा क्रम वाचणे. एकच खंड वाचला तर दोन विषाणूंमधली खंडांची अदलाबदल नजरेतून सुटते.

जनुकक्रमांवरून विषाणूंचे नाते दाखवणाऱ्या वंशवृक्षात सस्तन प्राण्यांचे विषाणू एकाच फांदीवर आले, तर आपसातल्या प्रसाराला पुष्टी मिळते. पण त्या भागातले पक्षी तपासलेच नसतील तर अशी फांदी आभासीही असू शकते. गायींतील एच५एन१चा बी३.१३ हा जनुकीय प्रकार पक्ष्यांकडून एकदाच, बहुधा २०२३च्या अखेरीस, आला असे मानतात. एप्रिल २०२४ मध्ये त्याचे जनुकक्रम प्रथम सर्वांसाठी खुले झाले तेव्हा त्यांवर नमुन्याची नेमकी तारीख व राज्य नव्हते, आणि त्यांविना फांद्यांचा कालक्रम लावणे अवघड जाते.