वारा ईशान्येचा, वादळ नैर्ऋत्येचं

उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, जवळ आली की बडोद्यातला प्रत्येक माणूस वाऱ्याचा जाणकार होतो. गच्चीवर चढायचं, तोंड वर करून जरा उभं राहायचं आणि निकाल द्यायचा: आज वारा पडलेला, उद्या बघू. नेमक्या याच दिवसांत दांडिया बाजारातल्या एखाद्या घरी पहाटे साडेपाचला फोन वाजतो. बॉस्टनला तेव्हा आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. मुलगा सांगतो, वादळ येतंय, ऑफिस बंद ठेवणार आहेत, उद्या दहा डिग्री. आई शालीतून म्हणते, इथंही दहाच आहे रे, कालपासून स्वेटर काढलेत.

दोघंही खरं बोलत असतात. त्याचे दहा फॅरनहाइटचे, म्हणजे आपले उणे बारा.

बडोद्याचा अमेरिकेच्या त्या पूर्व किनाऱ्याशी संबंध आयटीवाल्या पिढीपेक्षा बराच जुना आहे. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याआधी, 1910 मध्ये, महाराजांनी बडोद्याची ग्रंथालयं उभी करायला विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतलं, ते कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनहून. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाणाऱ्यांनी हे गाव लक्षात ठेवावं, कारण पुढे त्याच गावावर बर्फ पडणार आहे.

आधी त्या वादळाची जात. न्यूयॉर्क, बॉस्टनच्या किनाऱ्यावर थंडीत येणाऱ्या मोठ्या वादळाला तिकडे ‘नॉरईस्टर’ म्हणतात, म्हणजे ईशान्येकडचं. कॅनडाकडून कोरडी, गोठवणारी हवा खाली येते. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रात गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचं कोमट पाणी वाहत असतं. या दोन हवा शेजारी आल्या आणि वरच्या थरातल्या वेगवान वाऱ्याला योग्य जागी वळण मिळालं, की समुद्रावर कमी दाबाचं केंद्र तयार होतं आणि किनाऱ्याला धरून वर सरकू लागतं. आपल्या उत्तर गोलार्धात अशा केंद्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. म्हणून केंद्र समुद्रात असताना किनाऱ्यावर उभ्या माणसाला वारा ईशान्येकडून लागतो. वादळ मात्र येत असतं नैर्ऋत्येकडून.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट ओळखली ती बेंजामिन फ्रँकलिनने. आपल्याला तो पतंग उडवून वीज खाली आणणारा म्हणून माहीत. हे त्या पतंगाच्या नऊ वर्षं आधीचं. 1743 च्या ऑक्टोबरात, तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे 21 तारखेला, रात्री नऊच्या सुमारास चंद्रग्रहण होतं. फिलाडेल्फियात फ्रँकलिन वाट पाहत होता, पण ईशान्येचा सोसाट्याचा वारा सुटला, आभाळ भरलं आणि ग्रहण हुकलं. वारा बॉस्टनच्या दिशेकडून येणारा, तेव्हा तिथं तर ते आधीच झाकलं गेलं असणार, असं त्याला वाटलं. पण बॉस्टनच्या भावाने कळवलं की ग्रहण छान दिसलं, वादळ नंतर आलं. फ्रँकलिनने ठिकठिकाणच्या वेळा जुळवून पाहिल्या. वारा जिकडून येतो तिकडूनच वादळ येतं असं नाही, हा निष्कर्ष एका हुकलेल्या ग्रहणातून निघाला. मला तो पतंगापेक्षा मोठा वाटतो, पण त्याचं चित्र काढता येत नाही म्हणून शाळेच्या पुस्तकात पतंगच राहिला.

पण दिशा समजली म्हणून आधी सूचना मिळेलच असं नाही. 1870 पासून अमेरिकेत लष्कराच्या तारखात्याकडून हवामानाचे अंदाज निघत होते, तरी 1888 चं वादळ हुकलं. 11 मार्च 1888, रविवार. आठवडाभर हवा वसंतासारखी होती, त्या दिवशी नुसता पाऊस होता. मध्यरात्रीनंतर पावसाचा बर्फ झाला आणि वारा उठला. सोमवारी सकाळी लोक नेहमीप्रमाणे कामाला निघाले आणि अडकले. न्यूयॉर्कमध्ये 21 इंच बर्फ पडला, बोर्डन यांच्या न्यू हेवनमध्ये सुमारे 45 इंच. वाऱ्याने लोटलेले ढीग काही घरांच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले. चारशेवर माणसं गेली, त्यातली दोनशेच्या आसपास एकट्या न्यूयॉर्क शहरात. रस्त्यावरच्या तारांचं जाळं कोसळलं, आणि न्यूयॉर्क ते बॉस्टन हा शेजारचा निरोप समुद्राखालच्या केबलने लंडनमार्गे पाठवावा लागला.

या वादळामुळे भुयारी रेल्वे आली असं सांगतात. ते अर्धंच खरं. रस्त्यांवरच्या गर्दीमुळे ती मागणी आधीपासून होती. पण बॉस्टनची 1897 मध्ये आणि न्यूयॉर्कची 1904 मध्ये सुरू झाली, तोवर बर्फात रुतलेल्या गाड्या लोक विसरले नव्हते. तारा मात्र न्यूयॉर्कने खरोखरच जमिनीखाली घातल्या. हवामान खातं 1891 मध्ये लष्कराकडून काढून शेती खात्याकडे दिलं गेलं.

बॉस्टनची जुनी माणसं अठ्ठ्याऐंशीचं नाही, 1978 च्या फेब्रुवारीचं वादळ सांगतात. तेव्हा अंदाज होता. सोमवारी, 6 तारखेला पहाटेच बर्फ सुरू होईल असं सांगितलं होतं. सकाळ झाली तरी काही नाही, म्हणून लोक नेहमीचं हसून कामाला गेले. बर्फ उशिरा आला, पण थांबेना: बॉस्टनमध्ये 27.1 इंच. शहराबाहेरच्या 128 क्रमांकाच्या रस्त्यावर तीन हजारांवर गाड्या गाडल्या गेल्या. काही जण थंडीने नव्हे, गाडीतच गुदमरून गेले. धुराचं नळकांडं बर्फाने बुजलं आणि ऊब मिळावी म्हणून इंजिन चालूच ठेवलेलं. पुढे जवळजवळ आठवडाभर खासगी गाड्यांना बंदी होती. आज वादळाच्या आदल्या दिवशीच ‘गाडी बाहेर काढू नका’ असा हुकूम निघतो, त्यामागे हा रस्ता आहे.

संगणकावरच्या अंदाजांचा खरा कस लागला 1993 च्या मार्चमध्ये. 12 ते 14 तारखेच्या त्या प्रचंड वादळाची चाहूल पाच दिवस आधी लागली, आणि काही राज्यांनी बर्फाचा कण पडण्यापूर्वी आणीबाणी जाहीर केली. तरीही फ्लोरिडात समुद्र आत घुसला त्याने लोकांना बेसावध गाठलंच. उलटी बाजूही आहे. जानेवारी 2015 मध्ये न्यूयॉर्कने बर्फासाठी इतिहासात पहिल्यांदा भुयारी रेल्वे बंद ठेवली, आणि वादळ जरासं पूर्वेला सरकलं. सेंट्रल पार्कमध्ये दहा इंचही पडला नाही, बॉस्टनला मात्र दोन फूट पडला. एका हवामान अधिकाऱ्याने ट्विटरवर माफी मागितली. माझ्या मते ती मागायची गरज नव्हती. किनाऱ्यालगत बर्फ आणि पाऊस यांच्यातली रेघ इतकी बारीक असते की केंद्र थोडं हललं तरी एका शहराचं नशीब दुसऱ्याला जातं.

‘बॉम्ब सायक्लोन’ हे शब्द टीव्हीवाल्यांनी काढले असावेत असं वाटतं, पण नाही. एमआयटीचे फ्रेडरिक सँडर्स आणि जॉन ग्याकुम यांनी 1980 च्या शोधनिबंधात ‘बॉम्ब’ची व्याख्या केली: केंद्रातला दाब 24 तासांत ढोबळमानाने 24 मिलिबार उतरला की बॉम्ब. 4 जानेवारी 2018 च्या वादळात तो याच्या दुपटीहून जास्त उतरला, आणि बॉस्टनच्या बंदरात भरतीने 1978 चा विक्रम थोडक्यात मोडला.

राहिला ‘विंड चिल’, मुलगा ज्याला ‘फील्स लाइक’ म्हणतो. अंटार्क्टिकावर 1941 मध्ये पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल यांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून वाऱ्यात टांगलं आणि ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यावरून आलेलं गणित बरीच वर्षं चाललं, पण ते थंडी जरा वाढवूनच सांगायचं. माणूस म्हणजे पाण्याचं नळकांडं नव्हे. म्हणून टोरांटोत 12 माणसांना गार वाऱ्याच्या बोगद्यात चालवून, त्यांच्या चेहऱ्यांवरून, 2001 मध्ये नवं सूत्र आलं. पारा उणे बारावर असताना सोसाट्याच्या वाऱ्यात उणे बावीस-पंचवीस वाटतं ते या सूत्राने.

हे वाटणं फक्त उघड्या कातडीचं. पाण्याच्या पाइपला ‘वाटत’ नाही; वाऱ्याने तो लवकर गार होतो, पण पाऱ्याच्या खाली जात नाही. पारा गोठणबिंदूच्या बराच खाली गेला की मात्र पाइप फुटू शकतो, म्हणून तिकडे रात्री नळाची बारीक धार चालू ठेवतात. व्हिडिओ कॉलवर बडोद्याच्या आईला बर्फ, वारा, बंद पडलेलं ऑफिस यातलं काही दिसत नाही. तिला मागच्या सिंकमधली ती धार दिसते. ‘अरे, आधी तो नळ बंद कर.’