वीस नंबर आणि चौतीस नंबर: टेक्ससचे अर्ल कॅम्पबेल आणि रिकी विल्यम्स

ऑस्टिनमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससच्या अमेरिकन फुटबॉल मैदानाला २०२० पासून 'कॅम्पबेल-विल्यम्स फील्ड' म्हणतात. तिकडे नव्याने शिकायला गेलेल्यांना हे एखाद्या देणगीदाराचं जोडआडनाव वाटतं. ती दोन वेगळी माणसं आहेत. अर्ल कॅम्पबेल टेक्सस लाँगहॉर्न्सकडून, म्हणजे या विद्यापीठाच्या संघाकडून, १९७४ ते १९७७ खेळला, रिकी विल्यम्स १९९५ ते १९९८. दोघेही रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारे. उंचीला दोघे पावणेसहा फुटांच्या थोडे वर, वजन सव्वादोनशे पौंडांच्या, म्हणजे शंभर किलोंच्या आसपास. दोघांनी कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हाइझमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा मान, मिळवली, कॅम्पबेलने १९७७ मध्ये आणि विल्यम्सने १९९८ मध्ये. दोघांचे पुतळे स्टेडियमपाशी उभे आहेत, दोघांचे नंबर विद्यापीठाने कायमचे निवृत्त केलेत. इतकं सगळं सारखं असल्यावर गल्लत होणारच.

सगळ्यात जास्त गल्लत चौतीस नंबरावरून होते. टेक्ससमध्ये ३४ नंबर विल्यम्सचा. कॅम्पबेल तिथे २० नंबर घालायचा. पण १९७८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ह्यूस्टन ऑइलर्स या व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच क्रमांकावर घेतलं आणि तिथे त्याने ३४ नंबर घेतला. अंगावरच्या जर्सीच्या चिंध्या झाल्या तरी धावत सुटलेला ३४ नंबरचा खेळाडू ज्या प्रसिद्ध चित्रफितीत दिसतो, तो कॅम्पबेलच आहे, पण ती चित्रफीत ऑइलर्सच्या काळातली आहे. रंग बघितला की प्रश्न सुटतो. फिकट निळा म्हणजे ऑइलर्स, विटकरी छटेचा नारिंगी म्हणजे टेक्सस. आणखी एक फसवा फोटो म्हणजे नारिंगी-पांढऱ्या कपड्यातला ३७ नंबर. तोही विल्यम्सच. डोक वॉकर हे जुने नामांकित रनिंग बॅक २७ सप्टेंबर १९९८ रोजी वारले. त्यांचा नंबर ३७. त्यांच्या स्मरणार्थ विल्यम्सने १० ऑक्टोबरचा ओक्लाहोमाविरुद्धचा सामना त्या नंबराने खेळला. टेक्ससने तो ३४-३ जिंकला.

आता आकडे. रनिंग बॅकचं काम तसं साधं सांगता येतं. संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. चाल सुरू करणाऱ्या क्वार्टरबॅककडून चेंडू घ्यायचा, पुढच्या रांगेतल्या धिप्पाड लाइनमननी उघडलेल्या फटीतून घुसायचं आणि कोणी आडवं पाडेपर्यंत पळायचं. अशा प्रत्येक धावेला कॅरी म्हणतात. कॅम्पबेलच्या नावावर चार मोसमांत ७६५ कॅरी, ४,४४३ यार्ड आणि धावून केलेले ४० टचडाउन (चेंडू गोललाइनपलीकडे नेणं) आहेत. विल्यम्सच्या नावावर १,०११ कॅरी, ६,२७९ यार्ड, ७२ टचडाउन. हे दोन आकडे शेजारी मांडून 'विल्यम्स दीडपट भारी' असा निकाल देणारे पुष्कळ आहेत. तो निकाल घाईचा आहे, कारण पहिली दोन-तीन वर्षं दोघांच्या नावापुढे जे पद लिहिलेलं दिसतं, तेच मुळात फसवं आहे. दोघेही आधी फुलबॅक (क्वार्टरबॅकच्या लगेच मागे उभा राहणारा) होते आणि नंतर टेलबॅक (सगळ्यात मागे उभा राहणारा) झाले. मात्र कॅम्पबेलचं फुलबॅकपद आणि विल्यम्सचं फुलबॅकपद ही नावापुरती सारखी असलेली दोन वेगळी कामं होती.

कॅम्पबेल आला तेव्हा प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांचा संघ विशबोन नावाची रचना खेळायचा. ती त्यांचे सहायक एमरी बेलार्ड यांनी १९६८ मध्ये टेक्ससमध्ये बसवली होती. क्वार्टरबॅकच्या थेट पाठीमागे फुलबॅक आणि त्याच्या मागे डावी-उजवीकडे एकेक हाफबॅक. कोंबडीच्या छातीतल्या दुबेळक्या हाडासारखा आकार होतो, त्यावरून नाव पडलं. चेंडू हातात येताच क्वार्टरबॅक तो फुलबॅकच्या पोटाशी धरतो आणि समोरच्या एका बचावपटूवर नजर ठेवतो. या बचावपटूला मुद्दामच कोणी अडवलेलं नसतं. तो बाहेर थांबला तर चेंडू फुलबॅककडे सोडायचा. तो फुलबॅकवर आत धावून आला तर चेंडू काढून घ्यायचा, बाहेरच्या अंगाने पळायचं, आणि पुढचा बचावपटू अंगावर आला की हाफबॅककडे फेकायचा.

यात फुलबॅकची अवस्था काय होते ते बघा. चेंडू आपल्याला मिळणार की काढून घेतला जाणार हे त्याला अगदी शेवटच्या क्षणी कळतं. दोन्ही हातांची खोबण करून, चेंडू मिळालाच आहे अशा बेताने पूर्ण वेगात मधल्या गर्दीत शिरायचं. हात लवकर आवळले तर क्वार्टरबॅकला चेंडू सोडवता येत नाही, ओढाताणीत तो खाली पडतो. उशिरा आवळले तर निसटतो. आणि चेंडू मिळो न मिळो, धडक बसायची ती बसतेच. चेंडूशिवाय खाल्लेल्या या धडका कुठल्याही तक्त्यात येत नाहीत. शिवाय फुलबॅक लाइनच्या इतका जवळ उभा असतो की फट शोधायला त्याला सवडच नसते. कुठे घुसायचं हे चाल ठरते तेव्हाच ठरलेलं असतं. अशा जागेवरून कॅम्पबेलने १९७४ मध्ये ९२८ आणि १९७५ मध्ये १,११८ यार्ड काढले. पहिल्याच वर्षी ही जागा त्याच्याकडे आली, कारण आधीच्या मोसमात १,४१५ यार्ड धावलेला रुझवेल्ट लीक्स गुडघ्याच्या दुखापतीतून सावरत होता.

१९७६ चा आकडा, १३८ कॅरीत ६५३ यार्ड, बघून कॅम्पबेलचा फॉर्म गेला होता असं वाटतं. त्या वर्षी मांडीच्या मागचा स्नायू दुखावल्यामुळे तो चार सामने बाहेर होता. उरलेल्या सातांची सरासरी सामन्यामागे ९३ यार्ड पडते. तो खराब मोसम नव्हता, अर्धवट मोसम होता. तरीही प्रत्येक कॅरीमागे ४.७ यार्ड ही त्याची चार वर्षांतली सर्वात कमी सरासरी. दुखऱ्या मांडीने विशबोनमध्ये मधून घुसण्याची ती किंमत होती, असं माझं मत आहे.

१९७७ मध्ये रॉयल यांच्या जागी फ्रेड एकर्स आले आणि त्यांनी कॅम्पबेलला मागे नेलं. क्वार्टरबॅक, त्याच्या मागे फुलबॅक, त्याच्या मागे लाइनपासून साधारण सात यार्डांवर टेलबॅक, असे तिघे एका रांगेत. इथे चेंडू हातात येईपर्यंत वेग आलेला असतो, समोर बचावपटूंना अडवून वाट काढणारा एक ब्लॉकर असतो आणि डावी फट की उजवी हे बघायला दोन-तीन पावलं मिळतात. कॅम्पबेलने त्या उन्हाळ्यात वजनही उतरवलं होतं. निकाल: २६७ कॅरी, १,७४४ यार्ड, १८ टचडाउन, प्रत्येक कॅरीमागे ६.५ यार्ड. त्या वर्षी देशात सर्वात जास्त यार्ड त्याचेच. माणूस तोच, फक्त उभा राहण्याची जागा बदलली होती.

विल्यम्स १९९५ मध्ये जॉन मॅकोविक यांच्या संघात आला. तिथला फुलबॅक म्हणजे आधी ब्लॉकर. त्या वर्षी टेलबॅक शॉन मिचेल होता. त्याच्यासाठी पुढे होऊन वाट मोकळी करायची, क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला अडवायचं, पास आला तर झेलायचा आणि मधूनमधून स्वतः चेंडू घेऊन पळायचं. म्हणजे विशबोनमध्ये फुलबॅक हा चेंडू मिळण्याचा पहिला हक्कदार, तर इथे तो दुसऱ्याचा मदतनीस. या वळणामुळेच विल्यम्सचे हात तयार झाले. कारकिर्दीत त्याने ८५ पास झेलून ९२७ यार्ड मिळवले. कॅम्पबेलला पास झेलण्याची संधी बोटांवर मोजण्याइतकीच मिळाली. 'कॅम्पबेलला झेलता येत नव्हतं' हे विधान मात्र कच्चं आहे. विशबोनमध्ये मुळात पासच फार कमी टाकतात.

पहिल्या वर्षी विल्यम्सने ९९० यार्ड काढून कॅम्पबेलचा टेक्ससमधला नवख्या खेळाडूचा ९२८ चा विक्रम मोडला. यात एक बारीक गोष्ट निसटते. बोल, म्हणजे मोसमानंतरचा सामना, वगळता टेक्सस १९७४ मध्ये ११ सामने खेळला होता आणि १९९५ मध्ये १२. संघाच्या सामन्यांनी भागलं तर कॅम्पबेल ८४.४, विल्यम्स ८२.५. प्रत्येक कॅरीमागे भागलं तर उलट: विल्यम्स ६.०, कॅम्पबेल ५.७. तेच दोन मोसम घेऊन दोन्ही बाजूंनी भांडता येतं, म्हणून कशाने भागलंय ते आधी विचारायचं.

१९९६ मध्ये २०५ कॅरीत १,२७२ यार्ड. १९९७ मध्ये विल्यम्स टेलबॅक झाला आणि २७९ कॅरीत १,८९३ यार्ड, २५ टचडाउन. हा त्याचा सर्वात कमी बोलला जाणारा आणि माझ्या मते सर्वात अवघड मोसम. टेक्सस त्या वर्षी ४-७ (चार विजय, सात पराभव) असा राहिला, यूसीएलएकडून तर घरच्या मैदानावर ६६-३ ने हरला. मागे पडलेला संघ एरवी धावणं सोडून पास टाकायला लागतो, कारण घड्याळ पळत असतं. अशा संघात प्रत्येक कॅरीमागे ६.८ यार्ड काढणं म्हणजे काय, हे हरलेल्या सामन्यांचे तक्ते चाळल्याशिवाय समजत नाही. कॅम्पबेलचा १९७७ चा संघ नियमित मोसमात ११-० होता. त्यांनी बोस्टन कॉलेजला ४४-०, व्हर्जिनियाला ६८-० आणि राइसला ७२-१५ हरवलं. सामना इतका एकतर्फी झाला की मुख्य रनिंग बॅकला बाकावर बसवतात. त्यामुळे त्याच्या कॅरी कमी दिसतात.

१९९८ चा विल्यम्स: मॅक ब्राउन नवे प्रशिक्षक, ३६१ कॅरी, २,१२४ यार्ड, २७ टचडाउन. सामन्यामागे जवळजवळ ३३ कॅरी, तर १९७७ च्या कॅम्पबेलला २४. यार्डांमधला बराचसा फरक या नऊ कॅरींतून येतो. आणखी खोलात जायचं तर राइसविरुद्धचे ३१८ आणि पुढच्याच आठवड्यात आयोवा स्टेटविरुद्धचे ३५० यार्ड बाजूला काढा. उरलेल्या नऊ सामन्यांत १,४५६, म्हणजे सामन्यामागे १६२. कॅम्पबेलची १९७७ ची सरासरी १५९ च्या आत-बाहेर. अर्थात हे दोन सामने वगळून विल्यम्सला छोटा ठरवणं चूक आहे, मग कॅम्पबेलचेही सोपे सामने वगळावे लागतील. पण १,७४४ आणि २,१२४ मध्ये दिसते तेवढी दरी नाही, हे यातून कळतं. विल्यम्सचाही वाईट दिवस होता. कॅन्सस स्टेटने त्या मोसमात त्याला फक्त ४३ यार्ड दिले आणि टेक्सस ४८-७ ने हरला. लाइनमन मागे रेटले गेले की सात यार्ड मागे उभा असलेला टेलबॅक फट उघडायच्या आधीच गाठला जातो.

एक सूचना. वेगवेगळ्या ठिकाणी विल्यम्सचा १९९८ चा आकडा २,१२४ किंवा २,३२७ दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. मोसमानंतरच्या बोल सामन्यांचे आकडे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए २००२ पर्यंत अधिकृत धरत नसे. मिसिसिपी स्टेटविरुद्धच्या कॉटन बोलमधले २०३ मिळवले की दुसरा आकडा येतो. एकाचा बोल धरून आणि दुसऱ्याचा सोडून तुलना करू नका. वरचे सगळे आकडे बोल वगळून आहेत.

पळण्यातला फरक पडद्यावर दोन-चार धावांत ओळखू येतो. कॅम्पबेल अडवायला येणाऱ्याच्या खाली जातो. खांदा त्याच्या छातीपेक्षा खाली, पावलं आखूड, आणि धडक बसली तरी मांड्यांची हालचाल थांबत नाही. त्यामुळे एकट्याने त्याला पाडता येत नाही, दुसरा येईपर्यंत लोंबकळावं लागतं. १९७७ च्या ओक्लाहोमा सामन्यात टेक्ससचे दोन क्वार्टरबॅक जखमी होऊन गेले, तिसरा रँडी मॅकएकर्न मैदानात आला. सामना १३-६ असा जिंकला तो कॅम्पबेलच्या पायांवर. तेव्हाचा एकमेव टचडाउन त्याची २४ यार्डांची धाव होती.

विल्यम्स वजनाने तेवढाच, पण टक्कर हा त्याचा दुसरा पर्याय. तो आधी थबकतो, लाइनच्या मागून आडवा सरकत फट उघडू देतो आणि मग एकाच पावलात दिशा बदलतो. त्यामुळे बचावपटूचा खांदा लागत नाही, नुसता हात लागतो, आणि नुसत्या हाताने शंभर किलोंचा माणूस थांबत नाही. २७ नोव्हेंबर १९९८ ची टेक्सस ए अँड एमविरुद्धची धाव याचा नमुना आहे. टोनी डोरसेटचा ६,०८२ यार्डांचा राष्ट्रीय विक्रम मोडायला त्याला ६३ यार्ड हवे होते. पहिल्याच क्वार्टरमध्ये तो डावीकडून आत शिरला, हातांची एक पकड तोडली, मोकळ्यात आला आणि अंगाला बचावपटू लोंबकळत असताना गोललाइन ओलांडली. ६० यार्ड, विक्रम आणि टचडाउन एकत्र. (वर्षभरातच विस्कॉन्सिनच्या रॉन डेनने तो आकडा मागे टाकला.) टेक्ससने सामना २६-२४ जिंकला. विल्यम्सचे त्या दिवशी ४४ कॅरीत २५९ यार्ड.

चार वर्षांचं काम मोजायचं तर मी विल्यम्सला वर ठेवेन: दर १४ कॅरींमागे एक टचडाउन, कॅम्पबेलला १९ लागल्या, आणि झेललेले पास वेगळेच. एकच मोसम निवडायचा तर १९७७ चा कॅम्पबेल. चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, एक यार्ड हवाय, आणि चेंडू कोणाला जाणार हे अख्ख्या स्टेडियमला माहीत आहे, अशा वेळी चेंडू २० नंबरकडे द्यायचा. दोन-तीन गुणांची आघाडी आणि चार मिनिटं काढायची असतील, तर ३४ नंबरकडे. पस्तिसाव्या कॅरीलाही तो पहिल्या कॅरीसारखाच थबकून फट बघतो.