व्हीएमसी म्हणजे हवामान की वेग?

दोन इंजिनांच्या विमानावर इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (उपकरणं बघून उडण्याच्या पात्रतेची) तयारी सुरू झाली की 'व्हीएमसी' हा शब्द एकाच सकाळी दोन अर्थांनी कानावर पडतो. जमिनीवर प्रशिक्षक म्हणतात, "आज व्हीएमसी आहे, निघू या." तासाभराने हवेत तेच ओरडतात, "व्हीएमसीच्या जवळ आलायस, नाक खाली!" इंग्रजी पुस्तकात वेगाच्या व्हीएमसीतली शेवटची अक्षरं ओळीखाली, बारीक छापतात. बोलताना तो फरक उरत नाही, आणि देवनागरीत तर नाहीच नाही.

पहिलं व्हीएमसी हवेचं: व्हिज्युअल मेटिऑरॉलॉजिकल कंडिशन्स. बाहेर बघून उडता येईल इतकी ती मोकळी हवी. 10,000 फुटांखाली सर्वसाधारण निकष असा: दृश्यमानता 5 किलोमीटर, ढगापासून आडवं अंतर 1,500 मीटर, उभं 1,000 फूट. त्याहून कमी झालं की आयएमसी, म्हणजे उपकरणांवर उडायची हवा. एवढंच ध्यानात ठेवायचं की व्हीएफआर (बाहेर बघून उडणं) आणि आयएफआर (उपकरणांवर उडणं) हे नियम आहेत आणि व्हीएमसी-आयएमसी ही हवा. मुंबई-नागपूर प्रवासी विमान लख्ख उन्हातही आयएफआरनेच जातं. गोंदियाला निरभ्र दिवशी विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर हूड (फक्त उपकरणं दिसू देणारी झापड) चढवून सराव होतो, तेव्हा बाहेर व्हीएमसी असतं आणि आयएमसी फक्त त्याच्यापुरतं.

दुसरं व्हीएमसी वेगाचं: मिनिमम कंट्रोल स्पीड, म्हणजे ताबा राहण्यासाठी लागणारा किमान वेग. शिकताना खरा वेळ यावर घालवावा असं मला मनापासून वाटतं. डावं इंजिन बंद पडलं आणि उजवं पूर्ण जोरात असलं, तर विमान डावीकडे वळू बघतं. त्याला आवरतं शेपटीवरचं, पायाच्या पेडलांनी फिरणारं रडर, आणि रडरला बळ येतं अंगावरून वाहणाऱ्या हवेतून. वेग घटला की ते बळही घटतं. ज्या वेगाखाली पेडल टोकापर्यंत दाबूनही विमान सरळ राहत नाही, तो व्हीएमसी. पायपर सेमिनोल या दोन इंजिनांच्या छोट्या विमानात तो 56 नॉट (ताशी सागरी मैल). वेगदर्शकावर तिथे लाल रेघ असते. 88 वरची निळी रेघ म्हणजे एका इंजिनावर सर्वांत चांगली चढाई देणारा वेग.

याचं प्रात्यक्षिक पुरेशा उंचीवर होतं. प्रशिक्षक डाव्या इंजिनाचं थ्रॉटल (पॉवरचा लिव्हर) मागे घेतात आणि विद्यार्थी नाक हळूहळू उचलत वेग सेकंदाला एकेक नॉट कमी करतो. उजवा पाय पेडलवर ताठ, मांडी थरथरतेय, आणि तरीही नाक डावीकडे सरकायला लागतं. मन म्हणतं, पॉवर वाढव. करायचं मात्र उलट: चालू इंजिनाची पॉवर कमी करायची आणि नाक खाली घ्यायचं. कारण वळवणारा जोर त्या चालू इंजिनाचाच आहे.

लाल रेघ रंगवलेली असली तरी व्हीएमसी तिथे खिळलेला नसतो. वजन मागे गेलं, तर रडरचा तरफदांडा आखूड होऊन तो वाढतो. बंद इंजिनाचा पंखा फेदर न करता (पाती वाऱ्याला समांतर न वळवता) वाऱ्यावर फिरत राहिला, तरी वाढतो. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात उंची वाढते तशी पॉवर घटते, म्हणून व्हीएमसीही उतरतो. पण स्टॉलचा (पंखांची उचल तुटण्याचा) दर्शवलेला वेग तसाच राहतो. त्यामुळे वर कुठेतरी स्टॉल आधी येतो, आणि एका इंजिनाच्या जोरावर स्टॉल झालेलं विमान स्पिनमध्ये (गरगरत खाली) जाऊ शकतं.

ढगात एक इंजिन बंद पडलं की दोन्ही व्हीएमसी एकत्र येतात. पहिलं गेलेलं असतं, दुसरं सांभाळायचं असतं. क्षितिज नसल्यामुळे नाक वळल्याचं डोळ्यांना कळत नाही. ते कळतं हेडिंग (दिशादर्शकावरची दिशा) सरकल्यावर आणि बॉल (विमान तिरकं सरकतंय हे दाखवणारी गोळी) कडेला गेल्यावर. आधी पायाने नाक आवरायचं, मग निळ्या रेघेचा वेग धरायचा, आणि त्यानंतर ओळख: जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन बंद. खात्रीसाठी त्याच बाजूचं थ्रॉटल हळूच मागे घेऊन बघायचं. काहीच बदललं नाही, तर हात बरोबर लिव्हरवर आहे.