उधारीची वही आणि ‘आपल्याच दुकानातून घ्या’

गावच्या पेठेला हात द्या, शेजारच्या दुकानातून घ्या, ही हाक दर काही वर्षांनी नव्याने उठते आणि दर वेळी कुणाला तरी आजच सुचल्यासारखी वाटते. खरं तर ती दीडशे वर्षं तरी जुनी आहे. तिचं मूळ शोधत गेलं की आपण गावप्रेमापाशी पोचत नाही, एका वहीपाशी पोचतो: दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी पडलेली, कोपरे दुमडलेली उधारीची वही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतल्या छोट्या गावातलं दुकान म्हणजे नुसती विक्रीची जागा नव्हती. माल फळीवर, दुकानदाराच्या पाठीमागे. मागितल्याशिवाय हाताला लागायचा नाही. किंमत लिहिलेली नसायची, घासाघीस चालायची. शेतकऱ्याच्या हातात पैसा यायचा तो पीक निघाल्यावर, वर्षातून एकदा. मधले महिने दुकानदार त्याला सांभाळायचा, आणि दुकानदाराला शहरातला ठोक व्यापारी. बँक गावात असली तरी असल्या माणसाला दारात उभी करायची नाही. म्हणजे गावातली खरी बँक तो गल्लाच होता. बऱ्याच गावांत टपालही त्याच दुकानात यायचं, त्यामुळे बातमीही तिथेच फुटायची.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत या वहीचं एक यंत्रच निघालं. ओहायोतल्या अलायन्स या गावी मॅकॅस्की नावाची कंपनी ते बनवायची. पुस्तकासारखी उलटणारी धातूची पानं, पानांवर ओळीने स्प्रिंगचे चिमटे, प्रत्येक चिमट्याखाली एका घराच्या चिठ्ठ्या. आजची खरेदी मागच्या बाकीत मिळवून नवी चिठ्ठी वर लावायची. कुठल्या घरात काय चाललंय, हे त्या चिमट्यांवरून सहज कळत असणार: कुणाची चिठ्ठी फुगत चाललीय, कुणाची अचानक बंद झाली. गावाचा इतिहास लिहिणारे देवळं, चर्च, पुतळे आणि नगराध्यक्षांच्या याद्या धुंडाळतात. माझ्या मते अशी एक जुनी वही त्या सगळ्यांपेक्षा जास्त बोलते.

पण वहीला दुसरी बाजूही होती. बाकी असेपर्यंत दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत यादवी युद्धानंतर उभ्या पिकावर उधारी देण्याची पद्धत रुजली. उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढा असे, हिशेब दुकानदाराच्या हातचा असे, आणि खंडकऱ्याचं, त्यातही काळ्या कुटुंबाचं खातं वर्षानुवर्षं कोरं होत नसे. ब्रिटनमध्ये गिरण्या-खाणींचे मालक मजुरी पैशात न देता आपल्याच दुकानातल्या मालात देत. हे थांबवायला १८३१ साली कायदा करावा लागला. म्हणून ‘जुन्या काळी दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात किती जिव्हाळा होता’ असं कुणी म्हणालं की मी जरा सावध होतो. जिव्हाळा होता, पण खातंही होतं.

या वहीवर पहिला नेमका घाव घातला तो गिऱ्हाइकांनीच. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी, त्यात विणकर बरेच, पै-पै साठवून २८ पौंड उभे केले आणि २१ डिसेंबर १८४४च्या संध्याकाळी टोड लेनमधल्या एका गोदामाच्या तळमजल्यावर दुकान उघडलं. माल म्हणजे थोडं लोणी, साखर, गव्हाचं आणि ओटचं पीठ, आणि काही मेणबत्त्या. दोन नियम महत्त्वाचे होते. उधारी बंद, सगळा व्यवहार रोख. आणि नफा उरला तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. पुढे जगभर पसरलेल्या ग्राहक सहकाराची घडण इथली. गावातल्या दुकानाच्या पाठीशी उभं राहणं या कल्पनेचा मला पटलेला हा सगळ्यात सरळ अवतार. इथे निष्ठा मागितली जात नव्हती. ती हिशेबात धरून तिचा वाटा परत दिला जात होता.

दुसरा घाव शहरातून आला. पॅरिसमध्ये १८५२ साली आरिस्तिद बुसिको हा ‘बॉन मार्शे’ या दुकानात भागीदार झाला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने दुकानदारीच बदलून टाकली. किंमत चिकटवलेली, सगळ्यांना एकच. आत या, पाहा, न घेता जा. पसंत पडलं नाही तर परत करा. आज यात नवल काही नाही, तेव्हा होतं. लंडनच्या बेजवॉटर भागात विल्यम व्हाइटली हा कापडवाला याच वाटेने वाढत गेला आणि एका छपराखाली काय वाटेल ते विकू लागला. १८७६ साली त्याने मांस आणि भाजीपालाही ठेवला, तेव्हा शेजारच्या खाटकांचा संयम सुटला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, इंग्रजांच्या होळीच्या सणाला, ते आपले निळे डगले चढवून, सुरे आणि हाडं एकमेकांवर बडवत रस्त्यावर उतरले. मध्ये व्हाइटलीचा पुतळा, त्याच्या एका हातात मांसाचा तुकडा, दुसऱ्या हातात रुमाल, दोन्हींवर किमतीच्या चिठ्ठ्या. मग पुतळा जाळला. ‘जगा आणि जगू द्या’ ही त्यांची घोषणा होती. आजच्या ‘आपल्याच दुकानातून घ्या’चा हा मला माहीत असलेला सगळ्यात खणखणीत पूर्वज.

त्या घोषणेचं पुढे काय होऊ शकतं तेही पाहायला हवं. जर्मनीत छोट्या व्यापाऱ्यांच्या रेट्यामुळे प्रशिया या तिथल्या राज्याने १९०० साली मोठ्या दुकानांवर खास कर बसवला. त्यांतली कित्येक नावाजलेली दुकानं ज्यू कुटुंबांची होती. १९२०च्या नाझी कार्यक्रमात तर मोठी दुकानं ताब्यात घेऊन छोट्या व्यापाऱ्यांना स्वस्तात भाड्याने द्यायचं कलमच होतं, आणि १ एप्रिल १९३३ला लोकांनी आत जाऊ नये म्हणून ज्यूंच्या दुकानांच्या दारांत नाझींचे पहारे बसले. ‘आपलं दुकान’ म्हणताना ‘आपलं’ म्हणजे कोण, हा प्रश्न त्या हाकेत कायम दबून बसलेला असतो.

छोट्या गावाला खरा धक्का मात्र टपालाने दिला. शिकागोत ॲरन माँटगोमेरी वॉर्डने १८७२ साली शेतकऱ्यांना टपालाने माल विकायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्याकडे एका कागदाची किंमतयादी होती. पुढे सीअर्स या दुसऱ्या कंपनीची जाडजूड सूचिपत्रं आली. तोवर शेतकऱ्याला पत्र घ्यायला गावात यावं लागे, आला की चार वस्तू घेऊन जाई. १८९६पासून टपाल थेट वस्तीवर जाऊ लागलं आणि ती खेप बुडाली. १ जानेवारी १९१३ला पार्सलचं टपाल सुरू झालं आणि मालही दारात येऊ लागला. या दोन्ही सुधारणांना गावच्या व्यापाऱ्यांनी जीव तोडून विरोध केला. काही गावांत सूचिपत्रांच्या होळ्या पेटल्या, पोरांना बक्षिसाची लालूच दाखवून घरोघरची सूचिपत्रं गोळा केली गेली. सीअर्सही वस्ताद: खोक्यांवर कंपनीचं नाव छापायचं नाही, म्हणजे माल कुठून आला हे गावच्या दुकानदाराला कळायला नको. गिऱ्हाइकाला दुकानदाराची भीती वाटते हे कंपनीने ओळखलं होतं, आणि ती भीती पुन्हा त्या वहीचीच. दक्षिणेतल्या काळ्या शेतकऱ्याला तर सूचिपत्र म्हणजे सुटकाच होती. गोऱ्यांचं आटोपेपर्यंत ताटकळणं नाही, काय परवडतं ते दुसऱ्याने ठरवणं नाही.

१९१२च्या सुमारास ए अँड पी या वाणसामानाच्या साखळीने नव्या तऱ्हेची छोटी, स्वस्त दुकानं काढली. तिथे उधारी नाही, घरपोच नाही. चार वर्षांनी मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स साँडर्सने ‘पिगली विगली’ उघडलं आणि गिऱ्हाइकाच्या हातात टोपली देऊन त्याला फळ्यांमध्ये सोडलं. फळीपुढचा माणूसच गेला. १९३०पर्यंत ए अँड पीची दुकानं १५ हजारांच्या पुढे गेली होती. बोभाटा व्हायचाच. लुइझियानातल्या श्रेव्हपोर्टहून डब्ल्यू. के. हेंडरसन हा रेडिओ केंद्राचा मालक साखळी दुकानांवर रोज रात्री तोंडसुख घेई आणि व्यापाऱ्यांकडून वर्गणी गोळा करी. राज्यांमागून राज्यांनी दुकानांच्या संख्येनुसार चढत जाणारा कर बसवला. इंडियानाचा कर १९३१ साली सर्वोच्च न्यायालयातही टिकला. १९३३च्या एका निकालात न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी भिन्नमत नोंदवताना भीती मांडली की स्वतंत्र व्यापाऱ्याचा नोकरदार कारकून होतो आहे. १९३६ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा केला, की सारख्या मालाला मोठ्या खरेदीदाराला वेगळा भाव देऊन छोट्याला मारता येणार नाही. पण साखळ्या मोडून काढणारा केंद्रीय कर मात्र १९४०मध्ये बारगळला. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या संघटनांना ए अँड पीने तोवर आपल्या बाजूला वळवलं होतं, आणि मंदीने पोळलेल्या गृहिणीला स्वस्त दुकान हवंच होतं.

युद्धानंतर हीच लढाई देशोदेशी झाली. फ्रान्समध्ये सेंट-सेरे या छोट्या गावातला पिएर पुजाद नावाचा कागद-पुस्तकांचा दुकानदार १९५३ साली कर तपासनिसांना अडवायला उभा राहिला आणि अडीच वर्षांत त्याच्या पक्षाचे पन्नासेक लोक संसदेत बसले. १९७३ साली मोठ्या दुकानाला स्थानिक समितीची परवानगी सक्तीची करणारा कायदा तिथे झाला, त्याच वर्षी जपानमध्येही तसाच झाला. परवानगी दुर्मीळ झाली की तिला भाव येतो. ज्यांची मोठी दुकानं आधीच उभी होती त्यांना फ्रान्समध्ये आयतं कुंपण मिळालं. जपानने आपला कायदा २०००मध्ये काढून टाकला. तिथल्या गावपेठांत ओळीने शटर ओढलेली दिसतात, त्याला एकटा कायदा कारण नाही. दुकानाच्या मागे किंवा वर मालक स्वतः राहतो, पोरं शहरात गेलेली, वय झालेलं. धंदा बंद केला तरी घर सोडवत नाही, आणि घरातून वाट जाते म्हणून गाळा भाड्यानेही देता येत नाही. हे कारण कुठल्याच घोषणेत बसत नाही.

अमेरिकेत तोवर मोटार आली होती. मिनिआपोलिसजवळ १९५६ साली साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. त्याचा वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन व्हिएन्नाचा. त्याला मनातून युरोपातल्यासारखा गावचौकच उभारायचा होता. भोवती घरं, शाळा, दवाखाना. बांधलं गेलं ते दुकानांचं खोकं आणि मोटारींचा समुद्र. म्हातारपणी त्याने या अनौरस संततीची पोटगी द्यायला साफ नकार दिला. १९६२ साली आर्कान्सामधल्या रॉजर्स गावी पहिलं वॉलमार्ट उघडलं, तेही मोठ्यांनी दुर्लक्ष केलेल्या छोट्या गावांवर डोळा ठेवून. पुढे आयोवा राज्य विद्यापीठातल्या केनेथ स्टोन यांनी गावोगावचे विक्रीचे आकडे तपासले. ज्या गावात वॉलमार्ट आलं तिथली एकूण विक्री बऱ्याचदा वाढलेली निघाली, तिथल्या खाणावळवाल्यांचंही बरं चाललं. मार बसला तो तोच माल विकणाऱ्यांना आणि आजूबाजूच्या, वॉलमार्ट न आलेल्या गावांना.

या पडझडीत एक उपाय मात्र हात घाण करून केला गेला. वारसा जपणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने १९७७ साली गेल्सबर्ग, हॉट स्प्रिंग्ज आणि मॅडिसन ही तीन छोटी गावं निवडली आणि प्रत्येक पेठेसाठी एकेक पगारी माणूस नेमला. पन्नाशीच्या दशकात मॉलसारखं दिसावं म्हणून जुन्या विटांच्या दर्शनी भिंतींवर ठोकलेले ॲल्युमिनियमचे पत्रे काढणं, वरच्या मजल्यांवरच्या रिकाम्या खोल्यांना भाडेकरू आणणं, सगळ्या दुकानांची वेळ एक करणं, असली ती कामं. १९८०पासून या कामाचं कायमचं केंद्र झालं. गंमत म्हणजे जुन्या इमारती वाचवायला निघालेल्या लोकांना आत चालतं दुकान असल्याशिवाय इमारत वाचत नाही हे कळलं, आणि दुकान वाचवायला निघालेल्यांना उलट.

राहिली ती वही. ती कुठे गेली, याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात आहे. सप्टेंबर १९५८मध्ये बँक ऑफ अमेरिकाने तिथल्या ६० हजार घरांत न मागता एकेक क्रेडिट कार्ड टपालाने टाकलं. सीअर्ससारख्या बड्यांना त्याची गरज नव्हती, त्यांची स्वतःची उधारखाती होती. आधी पुढे आले ते छोटे दुकानदार. रात्री बसून बाकी मिळवणं, महिनाअखेरीला दारोदार आठवण करून देणं, बुडीत रक्कम गिळणं, या सगळ्यातून एका झटक्यात सुटका होती, बदल्यात प्रत्येक विक्रीमागे बँकेला काही टक्के. वही गावातून उठली आणि बँकेत गेली. गिऱ्हाईक आता कार्ड घेणाऱ्या कुठल्याही दुकानात उधारीवर घेऊ शकत होतं.

नोव्हेंबर २०१०मध्ये अमेरिकेत ‘स्मॉल बिझनेस सॅटर्डे’ सुरू झाला: थँक्सगिव्हिंग या सणानंतरच्या शनिवारी मोठ्या दुकानांत न जाता जवळच्या छोट्या दुकानातून खरेदी करा. तीन वर्षांनी तो ब्रिटनमध्येही पोचला. तो सुरू करणारी कंपनी होती अमेरिकन एक्स्प्रेस, जिचं कार्ड गल्ल्यावर घासलं की दुकानदाराच्या पैशातले काही टक्के तिच्या खात्यात जमा होतात.